सफरचंदी ४४७२ पासून १९६२ च्या ६०१०३ पर्यंत : ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चं मॉडेल इतिहासाला धरून कसं बदलावं आणि रंगवावं

इंग्लंडहून येणाऱ्या नातेवाइकानं आणलेलं असो किंवा जुन्या बाजारात मिळालेलं, आपल्याकडच्या बहुतेक हौशी लोकांच्या कपाटातलं पहिलं वाफेचं इंजिन म्हणजे हॉर्नबीचं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’. सफरचंदी हिरवा रंग, केबिनवर ४४७२, मागं लांब टेंडर, म्हणजे कोळसा आणि पाणी वाहणारा जोडडबा. दिसायला देखणं, त्यात वाद नाही. पण कधीतरी १९६२ सालचा एखादा फोटो हाती लागतो आणि लक्षात येतं की तेच इंजिन तेव्हा पार वेगळं दिसत होतं. रंग वेगळा, क्रमांक वेगळा, धुराडं वेगळं, टेंडरसुद्धा वेगळं.

या लेखात ते सफरचंदी मॉडेल १९६२ च्या उन्हाळ्यातलं, लंडनच्या किंग्ज क्रॉस शेडचं (इंजिनं ठेवायच्या आगाराचं) ६०१०३ कसं करायचं ते टप्प्याटप्प्यानं सांगतो. हेच रूप निवडलं, कारण यात कापणं, जोडणं, रंगवणं, रेघा मारणं असं सगळंच करावं लागतं. हे जमलं की दुसरं कुठलंही इंजिन हाताळताना भीती वाटत नाही. मापं ‘ओओ’ प्रमाणाची आहेत, म्हणजे १:७६.२. खऱ्या इंजिनावरचा एक फूट मॉडेलवर ४ मि.मी. होतो आणि एक इंच एक-तृतीयांश मि.मी. हे प्रमाण पाठच करून टाका, पुढं सतत लागतं.

१. आधी तारीख ठरवा, रंग नंतर

नवा माणूस दुकानात जाऊन आधी रंगाची बाटली घेतो. तसं करू नका. कागदावर एक महिना आणि एक वर्ष लिहा. पुढचा प्रत्येक निर्णय त्या ओळीला विचारून घ्यायचा. या इंजिनानं कारकिर्दीत इतक्या वेळा कात टाकली की ‘साधारण जुन्या काळातलं’ असं म्हणून भागत नाही. मुख्य टप्पे असे :

- फेब्रुवारी १९२३ : डॉनकास्टर कारखान्यातून बाहेर पडलं. क्रमांक १४७२, नाव नाही.
- १९२४ : क्रमांक ४४७२ झाला, नाव मिळालं, वेम्बलीच्या प्रदर्शनात मांडलं गेलं. तेव्हा क्रमांक केबिनवर नव्हता, टेंडरच्या बाजूवर होता.
- १९२८ : कॉरिडॉर टेंडर (आतून ये-जा करायला बोळ असलेलं) लागलं. १ मे रोजी लंडन ते एडिनबरो न थांबता धाव. याच सुमारास क्रमांक केबिनवर आला.
- १९३६ : कॉरिडॉर टेंडर काढलं. १९३८ मध्ये कॉरिडॉर नसलेलं दुसरं टेंडर लागलं, तेच १९६३ पर्यंत राहिलं.
- १९४३ : युद्धकाळातला काळा रंग.
- १९४६ : क्रमांक आधी ५०२, मग १०३.
- जानेवारी १९४७ : ‘ए१’ वर्गाचं इंजिन सुधारून ‘ए३’ वर्गाचं झालं. नवा बॉयलर, दाब १८० वरून २२० पौंड. रंग पुन्हा हिरवा.
- डिसेंबर १९४८ : ६०१०३.
- १९४९ अखेर निळा रंग, १९५२ मध्ये ब्रिटिश रेल्वेचा गडद ब्रन्सविक हिरवा.
- १९५४ : चालकाची जागा उजवीकडून डावीकडे.
- जानेवारी १९५९ : दुहेरी धुराडं.
- डिसेंबर १९६१ : धुराड्याच्या दोन्ही अंगांना जर्मन धाटणीचे स्मोक डिफ्लेक्टर, म्हणजे धूर वर उडवणारे पत्रे.
- १४ जानेवारी १९६३ : सेवेतली शेवटची धाव.

ही यादी नीट वाचली की आपोआप काही जोड्या बाद होतात. सफरचंदी ४४७२ ला डिफ्लेक्टर लावले, तर सेवेतल्या चाळीस वर्षांतल्या एकाही दिवशी ते तसं नव्हतं. दुहेरी धुराडं आहे पण डिफ्लेक्टर नाहीत, हे रूप मात्र खरं. जानेवारी १९५९ ते डिसेंबर १९६१ एवढंच. डिफ्लेक्टर करायचा कंटाळा असेल तर तारीख १९६० ठेवा. इतिहासही सांभाळला जातो आणि एक संध्याकाळही वाचते.

२. पुरावा गोळा करा, आणि आजच्या इंजिनावर विश्वास ठेवू नका

या कामातला सगळ्यात मोठा सापळा इथं आहे, म्हणून जरा थांबतो.

खरं इंजिन आज यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या मालकीचं आहे. २०१६ मध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर ते गडद हिरव्या रंगात, ६०१०३ या क्रमांकानं, दुहेरी धुराडं आणि डिफ्लेक्टरसह पुन्हा धावायला लागलं. पहिल्या नजरेला हुबेहूब १९६२. म्हणून लोक त्याचे झकास रंगीत फोटो समोर ठेवतात आणि कामाला लागतात. पण त्याच्या मागचं टेंडर पाहा. ते कॉरिडॉर टेंडर आहे. १९६३ मध्ये अ‍ॅलन पेग्लर यांनी इंजिन विकत घेतल्यावर त्याला पुन्हा जुनं रूप दिलं, तेव्हा कॉरिडॉर टेंडर जोडलं गेलं आणि मागं तेच राहिलं. म्हणजे आजचं इंजिन पुढून १९६२ चं आणि मागून १९२८ ते १९३६ च्या दरम्यानचं आहे. शिवाय आजच्या मुख्य मार्गांवर धावायचं म्हणून बसवलेली सुरक्षा यंत्रणा वेगळीच.

थोडक्यात, जतन केलेलं इंजिन आकार आणि मापं समजून घेण्यासाठी उत्तम, पण ठरावीक तारखेसाठी साक्षीदार म्हणून कच्चं. त्या काळात काढलेला, तारीख असलेला फोटोच धरायचा. कमीत कमी हे चार कोन हवेत :

- डावी बाजू, शक्यतो अगदी समोरून घेतलेली
- उजवी बाजू, तशीच
- पुढचा चेहरा : स्मोकबॉक्सचं (बॉयलरच्या पुढच्या, धुराड्याखालच्या कप्प्याचं) दार, क्रमांकाची पट्टी, दिवे
- टेंडरची मागची बाजू. हा फोटो कुणी काढत नाही, म्हणून शोधायला वेळ लागतो. स्टेशनच्या पुलावरून घेतलेले फोटो बघा.

रंगाबद्दल फोटो साक्ष देत नाहीत. १९६० च्या आसपासच्या रंगीत स्लाइड एक तर लालसर झालेल्या असतात किंवा स्कॅन करणाऱ्यानं आपल्या डोळ्याला बरं वाटेल तसं केलेलं असतं. फोटोवरून आकार घ्या, खुणांच्या जागा घ्या. रंगछटा मात्र मॉडेलवाल्यांसाठी खास बनवलेल्या तयार रंगावरून घ्या.

मापाचं एक हमखास साधन सांगतो. या इंजिनाची मोठी चाकं ६ फूट ८ इंच व्यासाची, म्हणजे मॉडेलवर २६.७ मि.मी. बाजूनं घेतलेल्या फोटोत चाकाचा व्यास मोजा, हवी ती वस्तू मोजा आणि त्रैराशिक मांडा. समजा छापील फोटोत चाक ४० मि.मी. भरलं आणि एखादा पत्रा ३६ मि.मी., तर मॉडेलवर तो २४ मि.मी. व्हायला हवा. फोटो तिरका असेल तर हे गणित फसतं, तेवढं लक्षात ठेवा. मोजताना मॉडेलचं चाक धरू नका. खेळण्याच्या चाकाची कडा रुळावरून घसरू नये म्हणून जाड केलेली असते.

३. कुठलं मॉडेल घ्यावं

सरावासाठी हॉर्नबीच्या ‘रेलरोड’ या स्वस्त मालिकेतलं किंवा जुनं वापरलेलं घ्या. मर्यादित आवृत्ती, क्रमांकित प्रमाणपत्र असलेला खोका, जुनी हॉर्नबी डब्लो इंजिनं यांना ब्रश लावू नका. रंग बदलला की संग्राहकाच्या लेखी त्यांची किंमत कोसळते.

घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा.

पहिली, मोटर कुठं आहे. जुन्या मॉडेलांत मोटर टेंडरमध्ये असते आणि इंजिन नुसतं ढकललं जातं. तसं असेल तर टेंडर बदलता येत नाही. आपल्याला तर टेंडरच बदलायचं आहे. म्हणून मोटर इंजिनातच असलेलं घ्या.

दुसरी, आतल्या जस्ताच्या ओतीव भागांना भेगा किंवा फुगवटा आहे का. काही जुन्या आणि काही अगदी अलीकडच्या मॉडेलांतही हे ओतीव धातू आतून कुजतात. त्यावर इलाज नाही. विकणाऱ्याकडं खालच्या बाजूचा स्वच्छ फोटो मागा. तो देत नसेल तर सोडून द्या.

तिसरी, साचा. ए३ इंजिनात मोठ्या सुपरहीटरमुळं (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या संचामुळं) स्मोकबॉक्सच्या दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला, आयताकृती झाकणं दिसतात. ए१ वर ती नसतात. १९६२ साठी ती हवीतच. साच्यात असतील तर काम वाचलं.

४. सामान

बरंचसं आपल्याकडं मिळतं, थोडं परदेशातून मागवावं लागतं.

इथं मिळणारं :
- बारीक स्क्रूड्रायव्हर, सुया, चिमटे, मॉडेल चाकू, पिन वाइस आणि ०.५ ते १ मि.मी. चे ड्रिल
- वॉटर पेपर, ६०० पासून २००० पर्यंत
- ०.२५ आणि ०.५ मि.मी. प्लास्टिकचा पातळ पत्रा, ०.७ ते ०.८ मि.मी. पितळी तार
- फेव्हिक्विक आणि एपॉक्सी. मोठी खाच भरायला एम-सील चालतं, बारीक फट भरायला मॉडेलची पुट्टी बरी
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, मऊ टूथब्रश, भांड्याचा साबण
- मॉडेलसाठीचं मास्किंग टेप. हार्डवेअरच्या दुकानातलं जाडं टेप घेऊ नका, त्याच्या कडेतून रंग झिरपतो
- एअरब्रश (०.३ मि.मी. सुई) आणि छोटा कॉम्प्रेसर, किंवा निदान चांगले चपटे ब्रश
- थिनर आणि रंगाच्या वाफेसाठी कार्बन फिल्टरचा मास्क

परदेशातून :
- क्रमांक, चिन्हं, रेघा यांची ट्रान्सफर, म्हणजे पृष्ठभागावर उतरवायची छापील चित्रं. फॉक्स ट्रान्सफर्स आणि एचएमआरएस ही दोन नावं पुरेशी आहेत
- कोरीव पितळी नावपट्ट्या आणि स्मोकबॉक्स क्रमांकपट्टी. फॉक्सकडं किंवा २४७ डेव्हलपमेंट्सकडं
- दुहेरी धुराडं : ओतीव धातूचं किंवा थ्रीडी छापलेलं
- कॉरिडॉर नसलेलं टेंडर, सुटं, वापरलेलं

सापळा : इनॅमल रंग आणि थिनर ज्वालाग्राही असल्यानं विमान टपालानं येत नाहीत. पार्सल अडकतं. ट्रान्सफर, पितळ, प्लास्टिक मागवा आणि रंग इथल्या छंद-साहित्याच्या दुकानातून अ‍ॅक्रिलिक घ्या. नातेवाइकाच्या बॅगेतही रंगाची बाटली कोंबायला सांगू नका. पार्सलवर सीमाशुल्क लागू शकतं, म्हणून दोन-तीन मित्रांनी एकत्र मागवलं तर निदान टपालखर्च तरी वाटला जातो.

५. खोलणं

इंजिन मऊ कापडावर उलटं ठेवा. स्क्रू काढाल तसे कागदावर इंजिनाचं ढोबळ चित्र काढून त्याच जागी टेपनं चिकटवा. पुढचा आणि मागचा स्क्रू दिसायला सारखे, पण लांबी वेगळी असते. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की वरून कवचातून डोकं काढतो. टेंडर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या वायरी असतील तर त्यांचा प्लग ओढताना वायर धरू नका, प्लगच धरा. वरचं प्लास्टिकचं कवच, टेंडरचं कवच आणि चाकांची चौकट असे तीन ढीग करा. मोटरच्या ढिगाकडं आता रंगकाम संपेपर्यंत बघायचं नाही.

६. कापणं आणि जोडणं

*धुराडं.* जुनं धुराडं वेगळा भाग असेल तर आतून ढकलून निघतं. साच्यातच असेल तर बारीक करवतीनं तळाच्या थोडं वरून कापा आणि उरलेलं वॉटर पेपरनं घासत स्मोकबॉक्सच्या गोलाईला आणा. एकदम तळाशी कापायला गेलात तर गोलाईच खरवडली जाते. नवं धुराडं बसवताना समोरून आणि बाजूनं, दोन्हीकडून ओळंब्यात आहे का ते पाहा. इथं एपॉक्सीच वापरा. फेव्हिक्विक लगेच पकडतं आणि मग सरळ करायला वेळ मिळत नाही.

*डिफ्लेक्टर.* ते का आले हे समजलं की जागाही बरोबर येते. किलचॅप पद्धतीच्या दुहेरी एक्झॉस्टमुळं इंजिन मोकळा श्वास घेऊ लागलं, पण धूर पूर्वीसारखा जोरात वर फेकला जाईना. तो बॉयलरवरून लोळत मागं यायचा आणि चालकाला सिग्नल दिसेनासे व्हायचे. म्हणून हवा खालून उचलून वर फेकणारे हे वाकवलेले पत्रे स्मोकबॉक्सच्या दोन्ही अंगांना लावले. त्यांची खालची कडा रनिंग प्लेटला (चाकांवरच्या आडव्या पट्टीला) टेकत नाही, मध्ये मोकळी जागा असते. हवा तिथूनच शिरायची. नवखा माणूस हे पत्रे हमखास खाली टेकवतो.

०.२५ मि.मी. पितळ किंवा प्लास्टिक घ्या, त्रैराशिकानं माप काढा, आधी जाड कागदाचा नमुना कापून इंजिनावर टेकवून बघा. दोन्ही पत्रे एकत्र धरून कापा म्हणजे जोडी सारखी होते. गोलाई देण्यासाठी ड्रिलच्या दांड्यावर बोटानं दाबत वाकवा. आधाराच्या काड्या तारेच्या. दोन्ही बाजूंचं अंतर समोरून पाहून जुळवा, कारण चेहऱ्यावरचा तिरपेपणा सगळ्यात आधी दिसतो. कोरीव पितळेचा तयार संच मिळाला तर खुशाल वापरा. त्यात कमीपणा काही नाही.

*चालकाची बाजू.* हे काम कुणी करत नाही आणि जाणकाराची नजर नेमकी तिथंच जाते. चालकाची जागा डावीकडं गेल्यावर व्हॅक्युम इजेक्टरची (ब्रेकसाठी निर्वात करणाऱ्या यंत्राची) बॉयलरच्या कडेनं जाणारी लांब नळीही डाव्या बाजूला आली. तुमचं मॉडेल जुन्या ४४७२ चं असेल तर नळी उजवीकडं असेल. ती चाकूनं हलक्या हातानं खरवडून काढा, बॉयलरच्या पट्ट्या जिथं तुटतील तिथं प्लास्टिकची बारीक पट्टी चिकटवा. मग डाव्या बाजूला फोटोवरून पितळी तार बसवा. तार लावण्यापूर्वी टेबलावर दोन सपाट पट्ट्यांमध्ये ठेवून लाटा. हातानं सरळ केलेली तार रंग लागल्यावर लाटेसारखी दिसते.

*टेंडर.* कॉरिडॉर टेंडरमध्ये एका बाजूनं १८ इंच रुंद आणि ५ फूट उंच बोळ होता. त्यातून दुसरा चालक आणि फायरमन गाडी न थांबवता डब्यातून इंजिनावर येत. त्यामुळं मागच्या भिंतीला डब्यासारखं जोडदार असतं. ते कापून भिंत सपाट केली म्हणजे काम झालं, असं अनेक जण समजतात. भिंतीच्या वरच्या कडा आणि कोळशाच्या मागचा भागही वेगळा आहे. घासण्यात जीव घालवण्यापेक्षा योग्य प्रकारचं वापरलेलं टेंडर शोधा. पैसे जास्त जातात, पण हाती लागणारी वस्तू खरी असते.

*किरकोळ.* १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिग्नलचा इशारा केबिनमध्ये देणारी यंत्रणा बसू लागली. तिचं पुढच्या बोगीखालचं (पुढच्या छोट्या चाकांच्या गाड्याखालचं) संरक्षक पत्र्याचं टोक फोटोत दिसत असेल तर ०.५ मि.मी. पत्र्याचं करून लावा. साच्यातल्या जाड हँडरेल काढून तारेच्या लावल्या तर रूप फारच सुधारतं, पण पहिल्याच इंजिनावर हा हट्ट नको.

७. जुना रंग : किती काढायचा

सगळा रंग उतरवायची गरज बहुधा नसते. कारखान्याचा रंग पातळ आणि घट्ट असतो, तोच चांगलं अस्तर ठरतो. काढायचं ते छपाईचं काम : क्रमांक, अक्षरं, रेघा. त्यांची जाडी नव्या रंगाखालून भुतासारखी वर येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून हळूहळू चोळा, मग २००० चा वॉटर पेपर पाण्यासह फिरवा. आधी कवचाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा. प्लास्टिक चिकट झालं तर थांबा.

ब्रेक ऑइलमध्ये बुडवा असा सल्ला मिळतो. रंग निघतो खरा, पण काही प्लास्टिक त्यात ठिसूळ होतात आणि त्वचेलाही ते वाईट. मी कुणाला सुचवत नाही.

शेवटी साबणाच्या कोमट पाण्यानं टूथब्रशनं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. यापुढं कवचाला उघडं बोट लावायचं नाही. आतून एक जाड काडी चिकटवून मूठ करा आणि तीच धरा.

८. अस्तर आणि रंग

राखाडी अस्तराचा पातळ हात द्या. नव्या जोडांवर सांधा दिसतो का ते पाहायचं असतं, म्हणूनच राखाडी. दिसला तर पुट्टी भरा, घासा, पुन्हा अस्तर. हे दोन-तीनदा करावं लागतं आणि कंटाळा येतो, पण वरचा रंग काहीच झाकत नाही.

मग हिरवा. ब्रिटिश रेल्वेचा लोकोमोटिव्ह ग्रीन म्हणून जो मिळतो तो घ्या. अ‍ॅक्रिलिक एअरब्रशसाठी दुधाइतकं पातळ करा, दाब १५ ते २० पीएसआय, एका वेळी नुसती झाक बसेल एवढाच हात. तीन-चार पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही बरे. रिव्हेट आणि पट्ट्या जाड रंगाखाली बुजून जातात. मूळ छटा छोट्या वस्तूवर जास्त काळपट दिसते, म्हणून काही जण त्यात थेंबभर पांढरा किंवा पिवळा मिसळतात. माझं मत, थेंबभरच मिसळा, आणि इंजिन व टेंडर एकाच मिश्रणातून, एकाच बैठकीत रंगवा. दुसऱ्या दिवशी तीच छटा पुन्हा जमत नाही.

हवामानाचं सांगायलाच हवं. मुंबई, कोकण, गोवा इथं जून ते सप्टेंबर लॅकर जातीचा रंग किंवा व्हार्निश मारू नका. हवेतला ओलावा पृष्ठभागावर धरतो आणि पांढुरकी धूसर झाक येते. अ‍ॅक्रिलिकही तेव्हा वाळायला वेळ घेतं. कापाकापी पावसाळ्यात करा आणि रंग दिवाळीनंतर. वाळत ठेवलेलं कवच प्लास्टिकच्या डब्याखाली झाका, नाहीतर पंख्याची धूळ बसते.

हिरवा किमान एक-दोन दिवस वाळू द्या. मग मास्किंग टेप लावून स्मोकबॉक्स, धुराडं, डिफ्लेक्टर, रनिंग प्लेट काळी करा. शुद्ध काळा नको, गडद राखाडीकडं झुकणारा घ्या. बफर बीम, म्हणजे पुढची बफर बसवलेली आडवी तुळई, लाल. टेप काढताना सरळ वर ओढू नका, स्वतःवरच दुमडून मागं ओढा.

९. रेघा, क्रमांक, सिंह

ट्रान्सफर लावण्यापूर्वी सगळ्या कवचाला चकचकीत व्हार्निश द्या. मॅट रंगावर ट्रान्सफर लावली की खाली हवा अडकते आणि तिच्या पारदर्शक कडा चंदेरी चमकतात; एकदा चमकल्या की नीट करणं अवघड.

गडद हिरव्यावर रेघांचा क्रम नारिंगी-काळा-नारिंगी. सफरचंदीवरची काळी-पांढरी रेघ इथं चालत नाही. बॉयलरच्या पट्ट्यांपासून सुरुवात करा, कारण तिथं चूक कमी दिसते. केबिनची बाजू आणि टेंडरची चौकट हात बसल्यावर. कोपऱ्याचे तुकडे आधी लावा, सरळ रेघा नंतर त्यांना जोडा. उलट क्रमानं केलं तर कोपरे कधीच मिळत नाहीत. ज्यांच्याकडं इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या जुन्या पेटीतलं रूलिंग पेन आहे, त्यांनी ते फेकू नये. रंग योग्य पातळ केला तर त्यानं ट्रान्सफरपेक्षा सुबक रेघ येते, पण सराव भंगार कवचावर करायचा.

क्रमांक केबिनवर ६०१०३. स्मोकबॉक्सच्या दारावर पट्टी, तिच्याखाली शेडची लंबगोल पाटी : ३४ए, म्हणजे किंग्ज क्रॉस. तुम्ही तारीख बदलून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची ठेवली असेल, तर इंजिन तेव्हा लेस्टर सेंट्रलला होतं आणि पाटी ३८सी हवी. बाजारातल्या ट्रान्सफरच्या पानावर ही दोन्ही असतात, म्हणून डोळे झाकून पहिली उचलू नका.

आता टेंडरवरचा सिंह, म्हणजे ब्रिटिश रेल्वेचं चिन्ह. चाकावर स्वार झालेला सडपातळ सिंह हे १९५६ पूर्वीचं चिन्ह. १९६२ साठी मुकुटातून वर आलेला, पुढच्या पायात चाक धरलेला सिंह हवा. त्यातही मेख आहे. सुरुवातीला दोन्ही बाजूंना सिंहाचं तोंड इंजिनाच्या दिशेनं केलं जायचं. कुलचिन्हांच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली की मंजूर झालेला सिंह डावीकडेच पाहतो. मग दोन्ही बाजूंना डावीकडं पाहणारा सिंह आला. म्हणजे इंजिनाच्या उजव्या बाजूला तो मागं बघतो. पानावर दोन्ही प्रकार असतात. उजव्या बाजूचा फोटो काढा, भिंगातून पाहा, मगच लावा.

१९६० नंतर वरच्या विजेच्या तारांपासून सावध करणाऱ्या छोट्या पाट्याही वाफेच्या इंजिनांवर चिकटवल्या गेल्या. फोटोत जिथं दिसतील तिथंच लावा.

नावपट्टी शेवटी. पितळी पट्टी रंगवा, वाळल्यावर अक्षरांवरचा रंग २००० च्या वॉटर पेपरनं सपाट ठोकळ्यावर घासून काढा. स्प्लॅशरच्या (मोठ्या चाकावरच्या गोल झाकणाच्या) गोलाईला ती आधीच वाकवलेली असावी. चिकटवायला व्हार्निशचाच थेंब पुरतो; पुढं काढायची वेळ आली तर सुटते.

१०. व्हार्निश, मळ आणि जोडणी

ट्रान्सफर दोन दिवस बसू द्या, मग अर्धचमक व्हार्निशचा पातळ हात. पूर्ण चकचकीत ठेवलं तर ते पुन्हा खेळणं दिसतं.

मळवायचं की नाही, हा आवडीचा प्रश्न. किंग्ज क्रॉसची इंजिनं त्या मानानं स्वच्छ ठेवली जात, म्हणून गंजाचे लोट नकोत. चाकं, सिलिंडरच्या मागची बाजू आणि टेंडरखालची चौकट यांवर तपकिरी-काळपट झाक, बॉयलरच्या माथ्यावर काजळी, सेफ्टी व्हॉल्व्हच्या आसपास क्षाराचा किंचित पांढरेपणा, एवढं पुरे. टेंडरमध्ये खरा कोळसा कुटून, चाळून, पातळ केलेल्या फेव्हिकॉलनं बसवा. साच्यातला प्लास्टिकचा कोळसा सगळं काम उघडं पाडतो.

जोडताना धुराड्याच्या आतून एपॉक्सीचा गोळा मोटरला लागत नाही ना, नव्या नळीच्या तारेचं टोक धातूच्या चौकटीला टेकत नाही ना, हे पाहा. तार टेकली तर शॉर्ट होतो आणि दोष मोटरला दिला जातो. मग इंजिन लहानात लहान वळणावर हळू चालवा. पुढची बोगी नव्या पत्र्याला घासत असेल तर पत्र्याची कडा अर्धा मि.मी. घासून कमी करा. एक्स्प्रेस गाडी ओढणार असेल तर दोन दिवे, दोन्ही बफरच्या वर. धुराड्याच्या पायथ्याशी एकच दिवा ठेवलात तर जाणकार त्याला लगेच स्थानिक गाडी म्हणतील.

खोक्यात एक चिठ्ठी ठेवा : ठरवलेली तारीख, वापरलेल्या रंगांची नावं आणि मिश्रणाचं प्रमाण, ट्रान्सफरच्या पानाचा क्रमांक. रंगाचा टवका उडाला की हीच चिठ्ठी लागते. उरलेला मिसळलेला हिरवा घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत भरून तिच्यावर ६०१०३ लिहा आणि ती वेगळी, उन्हापासून लांब ठेवा. खोक्यात बाटली गळली तर इंजिन आणि चिठ्ठी दोन्ही जातील.